मदत हवी आहे : दिवसा कातळशिल्पं, रात्री नमन, वेळेचं गणित बसत नाहीये

सड्यावरचा
गावात पहिल्यांदाच वारसा सहल ठेवली आहे. दिवसा कातळशिल्पं (उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं), मग जेवण आणि रात्री आमच्याच मंडळाचं नमन, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य. पाहुणे पुण्याचे. पैसे घेऊन झालेत, आता मागे फिरता येत नाही. अडलंय एवढंच : मंडळ म्हणतंय दहा-साडेदहाला उभं राहणार आणि पहाटेपर्यंत चालणार, पद्धत तीच आहे. पाहुण्यांना अकराला झोपायचंय. नमन दोन-अडीच तासांत बसतं का? मंडळाला कसं पटवायचं? पत्रिका उद्या छापायला द्यायची आहे, लवकर सांगा.

वाटाड्या
गाव नाही, तालुका नाही, तारीख नाही, माणसं किती ते नाही. कातळशिल्पं रत्नागिरीपासून राजापूरपर्यंत आणि खाली सिंधुदुर्गातल्या कुडोपीपर्यंत पसरलीत. कुठली दाखवणार? पाहुणे कशाने येणार? आधी हे लिहा.

सड्यावरचा
राजापूर तालुका, आडिवऱ्याच्या बाजूला. काशेलीचा हत्ती आणि देवीहसोळ दाखवणार. ४२ माणसं, एक मोठी बस, अणुस्कुरा घाटातून उतरणार. पण माझा प्रश्न नमनाचा आहे.

खळ्यातला
नमनाच्या मागे कशाला लागता? सरळ दशावतार आणा. सिंधुदुर्गातली कंपनी पेटारा घेऊन येते, रंगमंचावर एक बाकडं ठेवलं की राजाचा दरबार झाला. पेटी, मृदंग, झांज त्यांचीच. अडीच तासांचा नाट्यप्रयोग सांगितलात तर घड्याळ लावून करतात.

मृदंगी
खळ्यातला, दशावतार मोठी कला आहे, वादच नाही. पण सहल राजापुरातल्या गावाची आहे. इथल्या मातीतलं नमन सोडून तळकोकणातली कंपनी सुपारी देऊन आणायची, तर गावाचा वारसा तो कुठला दाखवला? शिवाय गावचं मंडळ घरी बसवून बाहेरचं आणलंत, तर पुढच्या वर्षी कुणी मदतीला उभं राहणार नाही.

सड्यावरचा, मंडळ हट्ट करतंय असं धरून चालू नका. दहाला सुरू होण्याचं कारण बघा. नमनातली माणसं दिवसभर बागेत असतात, हिवाळ्यात तर मोहोराच्या फवारण्या चालू असतात. साडेसहाला घरी, मग आंघोळ, जेवण, मग रंगायला बसणार. गौळणी पुरुषच होतात, त्यांचं लुगडं-दागिने-रंग धरून एकेकाला पाऊण तास लागतो आणि रंगवणारी माणसं असतात दोन. म्हणजे नऊ-सव्वानऊ सहज. सातला उभं करायचं असेल तर साडेचारला रंगायला बसवावं लागेल, म्हणजे त्या दिवशीचं अर्धं काम बुडणार. बिदागीशिवाय प्रत्येकाला अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी द्या आणि हे आधी बोला. ‘वेळ कमी करा’ म्हणून जाऊ नका, ‘लवकर उभं राहायला काय लागेल’ म्हणून जा.

आता कापायचं काय. सुरुवातीचं नमन आणि गण यांना हात लावायचा नाही. देवाला, धरतीला, गावाला वंदन झाल्याशिवाय कुणी सोंग आणणार नाही आणि आणूही नये. त्याला २५ मिनिटं धरा. गौळण पाऊण तास : मावशी आणि पेंद्या यांच्या बोलण्यातच ती लांबते, तिथे दोन फेऱ्या कमी करायला सांगता येतात. संकासूर १५ मिनिटं. काळा डगला, टोकदार टोपी, कमरेच्या घंटा वाजवत तो प्रेक्षकांतून येतो, ते पाहुण्यांना आयुष्यभर लक्षात राहील, त्याला घाई करू नका. वग, म्हणजे शेवटचं कथानाट्य, एक तास. पहाटेपर्यंत जातं ते वगामुळे, म्हणून कात्री तिथेच : चार-पाच प्रवेश ठेवायचे आणि मधली गाणी एकेक कडव्याची. झाले दोन तास पंचवीस मिनिटं.

नियमानुसार
दहानंतर करायचा विचारच सोडा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, ती यादी जिल्हाधिकारी काढतात. तुमची तारीख यादीत आहे का ते पोलीस ठाण्यात कळेल. तारीख अजून लिहिलेली नाही.

खळ्यातला
माईक बंद करून नुसत्या मृदंगावर चालवा की. पूर्वी कुठे माईक होते?

नियमानुसार
चालत नाही. नियमात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यंही आहेत. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला. गावात समाजमंदिर असेल तर तिथे करा.

मृदंगी
पत्र्याच्या समाजमंदिरात दोन मृदंग आणि टाळ एकदम वाजले तर शब्द ऐकू येणार नाही, नुसता घुमारा. संकासुराला फिरायलाही जागा नाही. नमन खळ्यातच, म्हणजे सारवलेल्या अंगणातच हवं. सातला उभं करा, साडेनऊला आरती करा, कुठलाच प्रश्न उरत नाही.

सड्यावरचा
मजुरीचं लक्षातच आलं नव्हतं, आज बोलतो. तारीख शनिवार २४ आणि रविवार २५ जानेवारी २०२६. सोमवारी २६ ची सुट्टी म्हणून ठरवली. काशेलीला सकाळी ११ ते १, मग जेवण, दुपारी ३ ला देवीहसोळ.

कनकादित्य-भक्त
अहो, २५ जानेवारीला रथसप्तमी आहे! काशेलीला कनकादित्याचा वर्षातला मोठा उत्सव त्याच दिवसांत. हे कसं सुटलं? गाड्या लावायला जागा नसेल, खोल्या माहेरवाशिणी आणि चाकरमान्यांनी भरलेल्या असतील.
पण हे संकट म्हणून बघू नका. सूर्यमंदिरं कोकणात मोजकी, त्यात कनकादित्य. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट काशेलीशी जोडलेला आहे. पाहुण्यांना मंदिर आणि उत्सव दाखवा, फक्त बस गावात नेऊ नका.

जाखडीवाला
रथसप्तमीच्या गडबडीत नमन कशाला, शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे जाखडी नाचाचा सामना ठेवा. दोन शाहीर समोरासमोर, मध्ये ढोलकी, पायात चाळ बांधलेले बाल्ये गोल धरून नाचतात. जागा लागते २० फूट बाय २० फूट. पाहुण्यांनाही गोलात घेता येतं.

मृदंगी
सामना म्हणजे सवाल-जवाब, रंगला की तीन तास कुणाच्या बापाला आवरत नाही. वेळेचाच प्रश्न असलेल्या माणसाला हा सल्ला नको. आणि सड्यावरचा, एक राहिलं : तुमचे मृदंगवाले गावात आहेत की मुंबईत?

सड्यावरचा
एक गावात, एक मुंबईला. तो येतो म्हणालाय.

मृदंगी
तिकीट काढलंय का ते विचारा. तीन दिवसांची सुट्टी, त्यात रथसप्तमी, कोकण रेल्वेत उभं राहायला जागा नसेल. शिमग्याला सगळे आपोआप येतात, जानेवारीत येत नाहीत. शेजारच्या वाडीतला एक जण आजच बोलून ठेवा आणि त्याला दोनदा तालमीला बसवा, प्रत्येक मंडळाची चाल वेगळी असते.

जांभा
सगळे नमनावर बोलताहेत, पण यांचा दिवसाचा आराखडा जास्त चुकला आहे. अकरा ते एक या वेळात काशेलीचा हत्ती दिसणारच नाही. रेषा जांभ्यात कोरलेल्या, खोली थोडी, शिल्प आडव्या कातळावर. डोक्यावर ऊन आलं की खाचेत सावली पडत नाही आणि सगळा सडा (उघडं कातळाचं पठार) एकसारखा तांबूस-काळा दिसतो. बघायची वेळ सकाळी साडेसात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी पावणेपाच ते सूर्य बुडेपर्यंत. जानेवारीच्या शेवटी सूर्य साधारण साडेसहाला बुडतो. बस रात्रभर घाट उतरून आली तर शनिवारी सकाळी माणसं पेंगलेली असणार, म्हणून शनिवारी संध्याकाळी देवीहसोळ आणि रविवारी सकाळी साडेसातला काशेली करा. रथसप्तमीची गर्दी वाढायच्या आत सड्यावरून खालीही याल.

हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर आहे. बाजूला उभं राहून माणसाला नुसत्या रेषा दिसतात, हत्ती दिसत नाही. पोटातल्या लहान आकृत्या, मासे, प्राणी, तर मुळीच कळत नाहीत. शिल्पाचं रेखाचित्र तीन फूट बाय दोन फूट कापडावर छापून घ्या आणि शिल्प ज्या दिशेला आहे त्याच दिशेला जमिनीवर पसरा. माणसं आधी चित्र बघतील, मग मान वर करून सोंड शोधतील. दहा-बाराच्या गटाने न्या. ४२ जण एकदम नेलेत तर मागचे रेषेवर उभे राहतात आणि त्यांना कळतही नाही.

फोटोवेडा
रेषांमध्ये चुना किंवा रांगोळी भरली तर फोटो फार सुंदर येतात. पाच किलो रांगोळी पुरते.

जांभा
कृपा करून हे करू नका आणि कुणाला सांगू नका. जांभा सच्छिद्र आहे. चुना भोकांत बसला की दोन पावसाळ्यांतही निघत नाही. रांगोळी काढायला मग लोक तारेचा ब्रश मारतात, त्याने कडा झिजतात. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत : काशेली, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. अंतिम यादीत जायला मूळ रूप टिकलेलं असावं लागतं. एका सहलीच्या फोटोसाठी ते घालवायचं नाही.

साफसफाई करायची तर मऊ केरसुणीने, रेषेच्या दिशेने, वाळलं गवत आणि माती तेवढी काढायची. खराटा नको. दोरी लावायची असेल तर खुंट्या ठोकू नका. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात काठी रोवा आणि सुतळी रेषेपासून तीन फूट बाहेर फिरवा.

फोटोवेडा
रांगोळीचं मागे घेतो, माहीत नव्हतं. मग ड्रोनने घेतले तर?

जांभा
ड्रोनची परवानगी कुणी काढलेली नाही. त्याला जमीनमालक, पोलीस आणि पुरातत्त्व अशा सगळ्यांना विचारावं लागेल. जमीनमालकावरून आठवलं : सडा खासगी असतो. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना सांगितलं का? राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयालाही पत्र द्या.

सड्यावरचा
मालकांना सांगितलंय. पुरातत्त्वचं पत्र उद्या देतो. बस सड्याच्या खाली थांबवली तर चालत किती, असं पाहुणे विचारताहेत.

वाटाड्या
चालण्यापेक्षा वळण्याचा प्रश्न आहे. ५० आसनी बस गावरस्त्यावर वळत नाही आणि समोरून डंपर आला की दोघंही अडकतात. बस आडिवऱ्याला ठेवा, तिथून १७ आसनी तीन गाड्या करा. सड्यावर सावली नाही, संडास नाही, पाणी नाही. निघण्याआधी सगळ्यांना घरांमध्ये वाटून संडासाची सोय करा, विशेषतः बायकांची. हे पत्रिकेतच लिहा. माणशी दोन लिटर पाणी.

आणि फुरसं, हा विषारी साप. रत्नागिरीच्या कातळावर ते दगडाखाली आणि गवतात असतं, रंगाने जांभ्यात मिसळतं. घोटा झाकणारे बूट सक्तीचे. दगड उचलायचा नाही, बसताना आधी काठीने आपटायचं. सर्पदंशावरचं प्रतिविष (इंजेक्शन) कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते शुक्रवारी फोन करून विचारून ठेवा आणि एक गाडी फक्त त्यासाठी मोकळी ठेवा.

अन्नपूर्णा
जेवणात काय देणार? थंडीत कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा, तांदळाची भाकरी. शाकाहारींना वालाची उसळ आणि सोलकढी. पण जेवण नमनाच्या आधी द्या, ६ ते ६.५० मध्ये, दोन पंगती; त्यासाठी देवीहसोळहून साडेपाचलाच निघा. मध्येच उठून जेवायला गेलेली माणसं परत बसत नाहीत आणि गौळणी रिकाम्या खळ्यापुढे नाचतात.

नियमानुसार
राहिलेल्या परवानग्या : ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलीस ठाण्यात अर्ज, वग लिहिलेला असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं प्रमाणपत्र. मंडळाकडे बहुधा असेल, झेरॉक्स जोडा. २६ जानेवारीची तयारी असल्याने शेवटच्या आठवड्यात ठाणं आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे कुणाला वेळ नसेल. अर्ज १५ जानेवारीच्या आत द्या, पोच घ्या.

सड्यावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाशी बोललो. मजुरीचं सांगितल्यावर मंडळाचे बुवाच म्हणाले, मग सातला उभे राहू. वग कापायलाही तयार आहेत, फक्त शेवटचा युद्धाचा प्रवेश पूर्ण हवा म्हणाले, तो दिला. गावकार आणि गुरव देवाला गाऱ्हाणं (साकडं) घालून मगच सुरुवात करणार. आता फक्त वीज. महावितरणची तात्पुरती जोडणी घेऊ की जनरेटर?

मृदंगी
जोडणी घ्या आणि जनरेटरही ठेवा. दोन स्पीकर बॉक्स आणि सहा एलईडी दिव्यांना ५ केव्हीए पुष्कळ झाला. तो खळ्यापासून शंभर फूट लांब, घराच्या आडोशाला. बॉक्स गाणाऱ्यांच्या पुढे ठेवा, मागे ठेवले की माईक शिट्टी मारतो. मृदंगाला वेगळा माईक नको, टाळाला तर नकोच.

जानेवारीत आठनंतर दव पडतं आणि मृदंगाची पुडी (कातडं) सैल होऊन सूर उतरतो. दोन्ही मृदंग सुरुवातीपर्यंत घोंगडीत गुंडाळून ठेवायचे, शेजारी निखाऱ्यांची घमेली. धुमेची (मृदंगाच्या जाड आवाजाच्या बाजूला लावायची) कणीक साडेसहाला ताजी मळायची, सकाळची चालणार नाही, सुकून तडकते. गौळण संपली की पाच मिनिटं सूर लावायला द्या, तेवढ्यात पाहुण्यांना चहा फिरवा.

अन्नपूर्णा
खळं शुक्रवारी सकाळी सारवून घ्या. शनिवारी सारवलंत तर संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळत नाही, वरून दव, आणि संकासुराचा पाय नेमका पुढच्या रांगेसमोर घसरतो. पाहुण्यांना ताडपत्रीवर सतरंज्या घाला आणि मागे वयस्करांसाठी दहा-बारा खुर्च्या. पुढची डावी बाजू गावच्या बायकांसाठी मोकळी ठेवा, त्या तिथेच बसतात.