पन्नाशीची शिकार: एल्क, मूस की कुडू?

ओहायोकर
पुढच्या सप्टेंबरात मला पन्नास पूर्ण होतील. पुण्याहून आईचा लकडा, पन्नाशीची शांत करून घे. त्या शांतीचं नाव वैष्णवी, आणि चिरंजीवांच्या डोक्यात शिकार! असो.

बारा वर्षं इथे धनुष्याने व्हाइटटेल हरणं मारतोय. घरापासून चाळीस मिनिटांवर एका शेतकऱ्याचं रान, झाडावर मचाण, वीस यार्डांवरून बाण. वर्षाला एक, फार तर दोन. फ्रीजर भरला की माझा हंगाम संपला. पण पन्नाशीला एकदाच काहीतरी मोठं करावं असं मनात आहे. बायकोनेही 'एकदाच' या शब्दावर भरपूर जोर देऊन होकार दिलाय.

तीन गोष्टी डोळ्यासमोर आहेत. कोलोराडोत एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. वाटाड्या घेतला तर सहा ते दहा हजार डॉलर, आपले आपण गेलो तर आठशेच्या आसपास परवाना आणि पेट्रोल. किंवा अलास्कात मूस, हरणांमधलं सगळ्यात मोठं. छोट्या विमानाने नदीकाठी सोडतात, दहा दिवसांनी न्यायला येतात. नाहीतर नामिबियात कुडू, पिळदार शिंगांचं आफ्रिकन कुरंग, पाणवठ्याजवळ आडोशाला बसून. माझा कल नामिबियाकडे आहे. एकदाच जायचं तर लांब का जाऊ नये?

चाफेकळी
हॉटेलात बसून मेन्यूकार्ड चाळल्यासारखं लिहिलंय. आज कुणाचा जीव घेऊ, मूस की कुडू? भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक बंद झाला, केनियाने 1977 मध्ये बंदी घातली, ते काय उगाच? आणि धनुष्याचं कौतुक तर सांगूच नका. सेसिल सिंह आठवतो? 2015, झिंबाब्वे. ह्वांगे अभयारण्याच्या हद्दीबाहेर अमेरिकन पाहुण्याने बाण मारला आणि तो बिचारा कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. तुमच्या खिलाडूपणाची किंमत जनावर मोजतं.

गटारीप्रेमी
ताई, आखाड संपताना आपल्याकडे किती कोंबड्या कापल्या जातात ते मोजा आणि मग या. त्या काय स्वखुशीने ताटात येतात?

चाफेकळी
तुमचा बाण चुकला, मी शाकाहारी आहे. आणि ओहायोकरांच्या फ्रीजरमधल्या हरणाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. ते निदान खातात. नामिबियातलं कुडू फ्रीजरमध्ये येणार आहे का? अमेरिकेत ते मांस आणू देत नाहीत. घरी येणार फक्त शिंगं, दिवाणखान्यात लावायला. मग पोटासाठी शिकार वगैरे बोलायचं नाही.

हिशेबी
ते मांस वाया जात नाही हो. तिथेच खातात, वाटतात. नामिबियाने 1996 मध्ये कायदा करून गावांना आपापल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिले. गावकऱ्यांच्या संरक्षित क्षेत्रांना शिकाऱ्यांकडून पैसा मिळतो, त्यातून राखणदारांचे पगार निघतात. कुडूला किंमत आहे म्हणून तिथे रानात कुडू ठेवतात, नाहीतर सगळीकडे गुरंच चरली असती. केनियाचं उदाहरण दिलंत, तर बोट्स्वानाचंही द्या. 2014 मध्ये बंदी, 2019 मध्ये उठवली. अमेरिकेतसुद्धा धनुष्यांवर 11 टक्के कर आहे आणि तो राज्यांकडे वन्यजीव सांभाळायला जातो. आपण अभयारण्याचं तिकीट काढून सेल्फी घेतो आणि निसर्गप्रेमी ठरतो.

ओहायोकर, अलास्काबद्दल एक सांगतो.    वाटाड्यासकट मूस म्हणजे वीस हजारांच्या पुढे धरा.

ओहायोकर
वीस हजार? आणि वाटाड्याशिवाय जायची हिंमत नाही. मूस गेला.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, इतके डालर कायले घालवता? आमच्या यवतमाळात या. रोह्याचा, म्हंजे नीलगाईचा, कळप एका रातीत हरभरा साफ करते, उरलं ते डुक्कर उकरते. मी थंडीत रातभर मळ्यात बत्ती घेऊन बसतो, आन् तुमी पैसे भरून तसंच बसाले जाता. गंमत हाय. आमाले मात्र हात लावाचा तर आधी वनखात्याचा कागद पाहिजे.

डोंगरवेडा
मी डेन्व्हरजवळ राहतो, सतरा वर्षं एल्कच्या मागे आहे. शिकारीच्या बाजूचाच माणूस, पण ओहायोकरांच्या बेताला माझा विरोध आहे. सांगतो का.

माझ्या चाळिशीला, इथे राहायला येण्याआधी, मीही असाच 'एकदाच' म्हणून कोलोराडोत आलो होतो. वाटाड्याला भरपूर पैसे मोजलेले, सहा दिवस हातात. पाच दिवस काही नाही. सहाव्या संध्याकाळी नर समोर आला, बावन्न यार्डांवर, छाती तिरकी माझ्याकडे. तुमच्यासारखा ओहायोत मचाणावर असतो तर धनुष्य खाली ठेवलं असतं. डोक्यात मात्र तीनच गोष्टी: पैसे, चाळिशी, उद्याचं विमान. सोडला बाण. जाऊन बघतो तर बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि वास. ज्यांना कळतं त्यांना कळेल, बाण आतड्यात गेला होता. फुप्फुसात लागला तर रक्त गुलाबी, फेसाळ असतं आणि जनावर शे-दीडशे यार्डांत पडतं. आतड्याचा असेल तर आठ-दहा तास हलायचंसुद्धा नाही, कारण मागे लागलात की ते मैलभर पळतं. रात्रभर थांबलो, विमान सोडलं, दोन दिवस माग काढला. नाही मिळालं.

चाफेकळी, तुमचं तेवढं मान्य आहे. फक्त दोष मी धनुष्याला देत नाही, मी केलेल्या घाईला देतो.

त्यातून नामिबियात एक रिवाज आहे. रक्त सांडलं की पैसे लागू, जनावर मिळो न मिळो. रिवाज रास्तच आहे, पण सात दिवस, परदेश, डोक्यावर पन्नाशी आणि समोर बाणाच्या आवाजाने दचकून उडी मारणारं कुडू, हे सगळं एकत्र आणू नका.

कोलोराडोला या, वाटाड्याशिवाय. फ्लॅट टॉप्सच्या बाजूला सरकारी जंगल आहे, कुणाची परवानगी नको. धनुष्यवाल्यांत दहातल्या एखाद्यालाच एल्क मिळतो, त्यामुळे रिकाम्या हाताने परतायची तयारी आधीच होते. पण सकाळी दहा हजार फुटांवर दव पडलेलं असताना खालच्या दरीतून नराची ती शिट्टीसारखी आरोळी येते ना, इथे तिला ब्यूगल म्हणतात, तेव्हा पाय लटपटतात. वाऱ्याचा खेळही ओहायोपेक्षा वेगळा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. मी खिशात पावडरची बाटली ठेवतो, दर दहा मिनिटांनी एक फुंकर. नऊच्या सुमारास वारा पलटतो, नेमका तेव्हाच एल्कला तुमचा वास जातो आणि सगळा कळप पाच सेकंदांत गायब.

एक लक्षात ठेवा. 2025 पासून या भागात परराज्यातल्या धनुष्यवाल्यांना एल्कचा परवाना दुकानातून सरळ विकत मिळत नाही, सोडत आहे. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

हिशेबी
म्हणजे पन्नाशीच्या माणसाला रिकाम्या हाताने परत यायला आठशे डॉलर भरा म्हणताय. हौसेला मोल नाही ते खरं, पण हे फारच झालं. चुकीचा बाण कोलोराडोतही सुटतो. तुमचा तर तिथेच सुटला.

डोंगरवेडा
सुटला, नाही कुठे म्हणतोय? पण कोलोराडोला पुढच्या वर्षी पुन्हा येता येतं. 'एकदाच' हा शब्द काढला की बोट सैल होतं.

कोकणी काकू
सगळं वाचलं. सप्टेंबर म्हणजे गणपती, नाहीतर पितृपक्ष. अहो ओहायोकर, घरात गणपती असतील तेव्हा तुम्ही डोंगरात रक्ताचा माग काढत फिरणार? माझे वडील डुकराच्या हाक्याला जायचे, पण गणपतीत बंदूक खुंटीवरून खाली येत नसे.

ओहायोकर
काकू, आमचा गणपती दीड दिवसाचा. तो पोचवून निघेन.

नामिबिया रद्द केलं. चाफेकळींच्या सेसिलमुळे नव्हे, डोंगरवेडांच्या बावन्न यार्डांमुळे. मी चाळीसपर्यंत सराव केलाय आणि चाळीसच्या पुढे बाण सोडणार नाही, हे इथे लिहून ठेवतो. 'एकदाच'बद्दल बायकोशी बोलावं लागेल, ती शिकार जास्त अवघड आहे.

डोंगरवेडा, बऱ्याच भागांत परवाना नर किंवा मादी कुठल्याही एल्कला चालतो ना? पहिल्याच दिवशी वीस यार्डांवर मादी आली तर तुम्ही काय कराल?

डोंगरवेडा
मारेन. मांस मादीचंच चांगलं. शंभर किलो पाठीवरून उतरवायचंय, तेव्हा आतापासून पोतं घेऊन जिने चढायला लागा.

ओहायोकर
इथे मात्र मन मागे सरतं. पन्नाशी, चौदा-पंधराशे मैलांचं ड्राइव्ह आणि मादी? पहिल्या दिवशी तरी सोडून देईन बहुतेक.

चाफेकळी
म्हणजे शेवटी शिंगंच ना?

ओहायोकर
थोडी शिंगं, थोडं मांस. खोटं कशाला बोलू.