राजगड–तोरणा–रायगड : पाठीवर ओझे घेऊन सलग चालण्याचा सराव कसा करावा?

नवी_पायवाट :
डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे राजगडावरून तोरण्यामार्गे रायगडापर्यंत चार दिवसांत चालत जाणार आहोत. माझे वय 41 असून वजन 72 किलो आहे. आठवड्यातून चार दिवस 5 किलोमीटर धावत असल्यामुळे मला दम लागत नाही. मात्र गेल्या महिन्यात 11 किलोची सॅक घेऊन गुंजवण्यातून राजगडावर गेलो, तेव्हा चोर दरवाजाच्या वाटेने उतरताना मांड्या अक्षरशः थरथरत होत्या आणि पुढचे दोन दिवस घरचा जिना उतरणेही जड गेले. हाती 12 आठवडे आहेत. धावणे वाढवावे की व्यायामशाळेत जावे?

घाटवाट :
धावणे आहे तेवढेच राहू द्या, कारण आपली अडचण दमाची नसून उताराची आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आणि पाठीवरच्या ओझ्याला लगाम घालत असतो, आणि सपाटीवर धावणाऱ्याच्या स्नायूंना या कामाची सवय नसते. दुखणे त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते ते यामुळेच. हाच स्नायू उताराला लवकर सरावतोही. दोन-तीन वेळा नीट उतरलात की फरक जाणवेल.

आपण पुण्याचे असाल तर दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढावा आणि, हे महत्त्वाचे, पायीच उतरावे. बरेच जण घाम गाळून वर जातात, दही खातात आणि वडापच्या जीपने खाली येतात. त्यांचा निम्मा आणि अधिक मोलाचा सराव तिथेच बुडतो. सुरुवातीला 5 किलो ओझे पुरे, पुढे दर पंधरवड्याला दीड-दोन किलो वाढवावे. ओझे म्हणून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या न्याव्यात, म्हणजे गुडघा कुरकुरू लागलाच तर पाणी ओतून देता येते. विटा नेणाऱ्या माझ्या एका मित्राला ती सोय नव्हती. आठवड्यात दोनदा पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवण्याचा व्यायाम प्रत्येक पायाने 15 वेळा करावा, त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही.

पाचव्या आठवड्यापासून शनिवार-रविवार सलग चालावे. एका दिवसाचा मोठा ट्रेक पुष्कळांना जमतो, पण आंबलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा सॅक उचलणे ही वेगळीच गोष्ट आहे. नवव्या किंवा दहाव्या आठवड्यात पूर्ण ओझ्यासह कात्रज ते सिंहगड करावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा एखादा छोटा गड चढावा, आणि शेवटचा आठवडा जवळजवळ विश्रांतीचा ठेवावा.

एक सावधगिरी मात्र हवी. मोहरी गावाहून कोकणात उतरताना सिंगापूर नाळेने (नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद, तीव्र उताराची घळ) गेलात तरी पायाखाली सुटे दगड असतात, आणि सिंहगडाच्या मळलेल्या वाटेवर त्याची तालीम होत नाही. त्यामुळे एखादी घाटवाट जाणत्या माणसासोबत आधी उतरून पाहावी. त्याहून अवघड असलेल्या बोराट्याच्या नाळेचा मोह या खेपेस टाळलेला बरा.

सह्यसखी :
वरील सर्व मान्य आहे, पण सराव वाढवण्याइतकेच ओझे कमी करणेही महत्त्वाचे आहे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून, म्हणजे आपल्या बाबतीत 14 किलोंहून, अधिक ओझे नसावे असे म्हणतात. मी 10 वर थांबेन. त्यातले 3 किलो तर पाणीच असेल, कारण राजगडाच्या आळू दरवाजातून बाहेर पडल्यापासून तोरण्याच्या बुधला माचीवर पोहोचेपर्यंत वाटेत पाण्याचा भरवसा धरू नये. चार दिवसांचा शिधा वाहून नेण्याऐवजी मोहरीत आधी निरोप देऊन पिठलं-भाकरीची सोय करावी. सॅकचा कमरपट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसवावा आणि जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात, म्हणजे खांदे सुटतात. बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि सराव त्यांतच करा. निघण्यापूर्वी पायाची नखे कापायला विसरू नये, नाहीतर उतारावर अंगठा बुटावर आदळून काळानिळा पडतो. गडांवरील मुक्कामाचे नियम बदलत असतात, त्यामुळे तेही निघण्याआधी विचारून घ्यावेत.

नवी_पायवाट :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. जीपने खाली येणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. शेवटच्या दिवसाचा शिधा आणि कोरडे कपडे गाडीने नाळेखालच्या दापोलीत आधीच पाठवले, तर सॅक आणखी दोन किलोंनी हलकी होईल का?

घाटवाट :
अवश्य होईल. फक्त चालकाला महाड तालुक्यातले दापोली असे दोनदा बजावून सांगा. आमच्या ओळखीच्या एका गटाची गाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत जाऊन उभी राहिली होती, आणि मंडळी नाळेच्या पायथ्याशी ओल्या मोज्यांनी तिची वाट पाहत बसली होती.