मदत हवी आहे: सिरोसिसमध्ये एंडोस्कोपीऐवजी फायब्रोस्कॅन चालेल का? (इंदूर)

रामबाग_इंदूर: बाबांना लिव्हर सिरोसिस आहे. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते बघायला डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली. बाबा ऐकायलाच तयार नाहीत, घशात नळी घालून घेणार नाही म्हणतात. फायब्रोस्कॅनवर (पोटावरून लिव्हरचा कडकपणा मोजतात ती तपासणी) भागतं असं ऐकलंय. तो ३१ किलोपास्कल आलाय. चालेल ना? लवकर सांगा, सोमवारची वेळ घेतलीय.

मृण्मयी_प: प्लेटलेट किती? त्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

जुना_इंदूरकर: माझ्या मेहुण्यांचं फायब्रोस्कॅनवरच निभावलं. भुईआवळा आणि गुळवेल सुरू करा, नळीबिळी काही लागत नाही.

मृण्मयी_प: काका, गुळवेल अजिबात नको. तिच्यामुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण आपल्याच देशात नोंदले गेलेत. मेहुण्यांचे आकडे निकषात बसले असतील. लिव्हरच्या तज्ज्ञांनी ठरवलेला २०१५ चा बावेनो निकष असा: फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर. दोन्ही जुळलं तरच एंडोस्कोपी टाळायची. इथे ३१ आहे.

रामबाग_इंदूर: प्लेटलेट ९२ हजार.

निखिल_पलासिया: मग नवीन पद्धत बघा. फायब्रोस्कॅन २५ च्या वर गेला की थेट कार्व्हेडिलॉल (शिरांमधला दाब कमी करणारी गोळी) सुरू करतात, शिरा बघायची गरजच उरत नाही. आमच्या काकूंचं तसंच केलं.

मृण्मयी_प: ते पोटात कधीच पाणी न झालेल्यांसाठी. यांचं काय ते आधी कळू दे. रामबाग, पाणी झालं होतं का? आणि कार्व्हेडिलॉल किंवा त्याच प्रकारची प्रोप्रानोलॉल चालू आहे का?

रामबाग_इंदूर: दिवाळीत पोट फुगलं होतं, लघवीच्या गोळीने उतरलं. त्याचा याच्याशी संबंध आहे? कार्व्हेडिलॉलसारखी गोळी दम्यामुळे देता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

मृण्मयी_प: अहो, हेच तर सगळ्यात महत्त्वाचं! पोटात पाणी झालं की फायब्रोस्कॅनवरून सूट मिळण्याचा निकष लागूच होत नाही. त्यात दमा, म्हणजे गोळीचा रस्ताही बंद. शिरा मोठ्या असतील तर त्यांना रबरी बँड लावणं हाच उपाय उरतो, आणि तो एंडोस्कोपीतूनच होतो.

निखिल_पलासिया: दमा असेल तर माझा सल्ला मागे घेतो.

जुना_इंदूरकर: तरी वयस्कर माणसाला जबरदस्ती करू नये.

मृण्मयी_प: जबरदस्ती नको, पण नीट समजावून तर सांगता येईल! शीर फुटून रक्ताची उलटी झाली तर जिवावर बेततं, आणि नळी तेव्हाही घालावीच लागते. आत्ता घशात बधिर करणारा फवारा मारतात, बघायचं काम काही मिनिटांत उरकतं.

रामबाग_इंदूर: गुंगी देतात का? दम्यात चालते?

मृण्मयी_प: देतात, पण सिरोसिस आणि दमा दोन्ही असताना द्यायची की नुसत्या फवाऱ्यावर करायचं, हे तिथले डॉक्टर ठरवतील. इनहेलर सोबत न्या, सगळ्या औषधांची यादी दाखवा. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सोमवारची वाट बघू नका. रात्र असली तरी तडक इमर्जन्सीत न्या.