एकमेकांना जोडलेले क्रिप्टिक क्लू: सुरुवात कुठून करायची?

कोरी_घरं:
शब्दकोड्यातले साधे क्रिप्टिक क्लू, म्हणजे उत्तराचा अर्थ (व्याख्या) आणि शब्दखेळ एकाच ओळीत दडवणारे क्लू, आता बऱ्यापैकी सुटतात. अ‍ॅनाग्राम (अक्षरांची उलटापालट), लपवलेला शब्द, उलटवलेला शब्द, सगळं ओळखू येतं. पण '१४ आडवे पाहा' दिसलं की हात थांबतो. १४ कडे जावं, तर तिथे ३ उभ्याचा हवाला! दोन्ही येत नसतील तर आधी काय धरायचं? शिवाय एका क्लूच्या शेवटी तीन टिंबं आणि पुढच्याच्या सुरुवातीला पुन्हा तीन, हा काय प्रकार?

आडवातिडवा:
यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी एकच लांब उत्तर तोडून ग्रिडभर पसरलेलं असतं. समजा, '१४, ३, २२, ९: नर्तकीची जमिनीबद्दल तक्रार (३,३,३,३)'. कंसात प्रत्येक शब्दाची अक्षरसंख्या. उत्तर: नाचता येईना अंगण वाकडे. आकड्यांचा क्रम हाच शब्दांचा क्रम, ग्रिडमधली जागा कुठलीही असो. अशा क्लूकडे मी आधी बघतही नाही. त्या चार जागांना छेदणारे सोपे क्लू काढतो. कुठे 'अं', कुठे 'डे' हाती लागलं की म्हण सुचते आणि बारा घरं एका झटक्यात भरतात. (यासाठीच तर हा खटाटोप!) अ‍ॅनाग्राम असेल तर तो सहसा सबंध उत्तराचा असतो, प्रत्येक तुकड्याचा वेगळा शोधत बसू नका.

दुसऱ्या प्रकारात एक क्लू दुसऱ्याचं उत्तर उसनं घेतो. '७ आडवे उलटी वाहिली, बिचारी (२)'. ७ सुटलेलं नाही? नसू दे. 'बिचारी'साठी दोन अक्षरी शब्द: दीन. उलटा करा, ७ आडवे म्हणजे नदी. मी जवळजवळ नेहमी उसनं घेणाऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याची व्याख्या त्याच्यापाशीच असते. मात्र 'नदी' ७ च्या स्वतःच्या क्लूत बसते का, हे तपासल्याशिवाय पेनानं लिहू नका.

जुनी_पेन्सिल:
जोडलेल्या क्लूंचे उस्ताद म्हणजे 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राचे कोडेकार अरॉकेरिया, खरं नाव जॉन ग्रॅहम. जानेवारी २०१३ मधल्या त्यांच्या कोड्यावर टीप होती: अरॉकेरियाला १९ चा १८ झालाय, त्यावर १३ १५ चालू आहे. सोडवणाऱ्यांना एकेक उत्तर मिळत गेलं: अन्ननलिका, कॅन्सर, पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारे उपचार). त्यांनी आपलं दुखणं वाचकांना असं कळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

टिंबांचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा दोन क्लू मिळून एक वाक्य वाचता यावं एवढ्यासाठीच असतात. खोडा आणि दोन्ही स्वतंत्र सोडवा. क्वचित पुढच्या क्लूला मागचा शब्द खरंच लागतो, पण ती शंका सगळ्यात शेवटी घ्यायची.

कोरी_घरं:
म्हणजे मी उलट्या टोकाला बसले होते. आणि क्लूत नुसताच '११' आला तर? तोही हवालाच ना?

आडवातिडवा:
नेहमी नाही. ११ म्हणजे कधी क्रिकेटचा संघ, कधी नुसतीच रोमन आकड्यातली दोन अक्षरं (XI). ग्रिडमध्ये ११ नंबरचा क्लूच नसेल तर प्रश्न मिटला.