बहाव्याच्या बिया रुजत नाहीत, मदत हवी आहे (नेरुळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बाबांनी १९९४ साली बहावा लावला होता. मे महिन्यात पिवळ्या घोसांनी असा लगडायचा की रिक्षावाल्याला "पिवळ्या झाडापाशी" एवढं सांगितलं तरी पुरायचं. गेल्या जुलैच्या पावसात तो उन्मळून पडला. तोडायला माणसं आली तेव्हा धावत खाली जाऊन जुन्या, काळ्या पडलेल्या नऊ शेंगा काढून आणल्या. बाबा आता नाहीत. म्हणून नर्सरीतलं रोप नको, याच झाडाचं हवंय.

पहिल्यांदा बिया गरासकट पेरल्या, मुंग्या लागल्या. मग धुऊन दोन दिवस भिजवल्या, तर खड्यासारख्या तशाच. कुणी सांगितलं म्हणून गॅसवर दहा मिनिटं उकळल्या, त्या कुंडीत सडल्या. एकच रुजली. चार पानं आली आणि एका सकाळी बुडाशी काळी पडून आडवी झाली. फार जीव तुटला.

तीनच शेंगा उरल्यात. बाल्कनी पूर्वेची, माती निम्मी लाल, निम्मं कोकोपीट. काय चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, बी खराब नाही. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच शिरत नाही. जंगलात अस्वलं, कोल्हे, माकडं गर खातात आणि त्यांच्या पोटातून बिया बाहेर पडतात. तिथे झिजतं तसं कवच झिजवायचं काम इथे आपल्याला करायचंय. पॉलिश पेपरवर बीची एक कड घासा, आतला फिकट भाग दिसला की थांबा. डोळ्याची बाजू (बी शेंगेला जिथे चिकटलेली असते ती) घासू नका, अंकुर तिथूनच निघतो. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. फुगलेल्या पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. उकळू मात्र नका, बी शिजते.

रोप आडवं झालं तो मर रोग, ओल जास्त झाल्याचा. कोकोपीट कमी करून वाळू घाला आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढीच खोल हवी. सोटमूळ लांब जातं, त्यामुळे उथळ कुंडीऐवजी उंच पिशवी घ्या. पुढे पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, ती बहुधा कॉमन एमिग्रंट फुलपाखराची पिल्लं असतात.

एक आधीच सांगतो, बीपासून केलेल्या झाडाला फूल यायला बरीच वर्षं लागतात.

मूळ लेखिका

दादा, खूप आभार. वर्षं लागू देत. काल रात्री बारा बिया घासून भिजवल्या, सकाळी नऊ टरारून फुगल्यात! उरलेल्या तीन आज पुन्हा घासते. गेटजवळच्या जागेवर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत. रोपासाठी किती रुंद आळं मोकळं ठेवायला सांगू? रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.