प्रतिसाद: स्पेलिंगच्या चुकांवर विसंबू नका

वर म्हटलंय की खोटी मेल स्पेलिंगच्या चुकांवरून ओळखता येते. पूर्वी यायची. गेल्या जुलैमध्ये माझ्या वडिलांना आयकर रिफंडची मेल आली, तिच्यात एकही चूक नव्हती. राजमुद्रा, अचूक नाव, खाली 'रिफंड मिळवा' असं निळं बटण. बाबांनी रिटर्न भरून आठवडाच झाला होता, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. असल्या मेल नेमक्या त्याच दिवसांत सुटतात.

मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबून पूर्ण पत्ता उघडला. सुरुवातीला 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' होतं, पण ते तिथे संपत नव्हतं. पुढे आणखी एक अनोळखी नाव आणि शेवटी 'डॉट कॉम'. पत्ता कायम शेवटाकडून वाचा, खरा मालक तिथे कळतो. बटणाची लिंकही तपासायची, बोट दाबून धरून, न उघडता; फक्त तिथे 'https://' नंतर पहिल्या '/' पर्यंतचाच भाग शेवटाकडून वाचायचा. आणि हे सगळं ठीक दिसलं तरी मेलमधल्या लिंकवरून जाऊच नका, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. रिफंड पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी कार्ड नंबर किंवा ओटीपी कुणी मागत नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून द्या.