मदत हवी आहे: स्टँडिंगच्या गर्दीत लेकीला कसं सांभाळू?

महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या रॉक कॉन्सर्टला सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन जातेय. तिकीट स्टँडिंगचं, आणि तिला अगदी पुढे, बॅरिकेडला टेकूनच उभं राहायचंय. मागे एका कॉन्सर्टला पहिलं गाणं सुरू होताच मागून असा लोंढा आला की तिचे पाय जमिनीवरून सुटले. माझी ओढणी तिच्या मुठीत होती, म्हणून सापडली. अजून धडकी भरते.

हात छातीसमोर धरून श्वासाला जागा ठेवायची, रेटा ओसरला की तिरकं बाजूला सरकायचं, एवढं शिकवलंय. पण गेट उघडायच्या किती तास आधी रांग धरावी? मध्येच बाथरूमला गेलं तर जागा राहते का? बॅरिकेडचा कोपरा मधल्यापेक्षा बरा का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.